म्हशींसाठी भरून ठेवलेला आवाज

भटूमामाची माझी पहिली आठवण भांडणाची आहे. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते. आईबरोबर आजोळी गेले होते, संध्याकाळची ओट्यावर बसून शेंगा सोलत होते, आणि मागच्या गोठ्यातून मामाचा आवाज आला. मामा कुणाला तरी चांगलाच फैलावर घेत होता.

"इतला नखरा? कोना जीववर इतला नखरा वं? ढेप मन्ही खास, पानी मन्हं पेस, आनि लाथ बी मालेच मारस?"

मला वाटलं, मामा मामीला बोलतोय. मी शेंगा टाकून रडत घरात पळाले, तर मामी चुलीपुढे बसून शांतपणे भाकरी थापत होती. मी कशाला रडतेय ते कळल्यावर ती इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. मग तिने मला कडेवर घेतलं आणि गोठ्यात नेऊन दाखवलं. मामा एका काळ्याभोर म्हशीच्या कुशीला डोकं टेकवून दूध काढत होता. तोंडाने शिव्या आणि हाताने धारा, दोन्ही एका तालात चाललं होतं. म्हैस डोळे अर्धवट मिटून रवंथ करत होती. तिला त्या शिव्या आवडत असाव्यात.

माझं आजोळ तापीकाठचं, प्रकाशा गावाच्या अलीकडे. काळी जमीन, कापूस, केळी, थोडा ऊस. आमच्याकडे लोक शेतीला जोडधंदा म्हणून म्हशी पाळतात. मामाचं उलटं होतं. म्हशींना चारा हवा म्हणून तो शेती करायचा. खाऊनपिऊन सुखी घर होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण मामाच्या बाबतीत जे झालं त्यात कुणी सावकार नाही, कुणी वैरी नाही, कुणी फसवलं नाही. ज्याच्यावर राग काढावा असं कुणीच नाही. मला राग येतो आणि तो कुठे ठेवावा ते कळत नाही.

म्हैस हे मोठं मानी जनावर. ज्या माणसाची सवय लागली त्याच्याखेरीज ती पान्हा सोडत नाही. दूध कासेत असतं, पण ती वर चढवून धरते. म्हैस दूध चोरते, असं म्हणतात ते हेच. कुणी आपल्या म्हशींना ढेपेच्या, म्हणजे सरकीच्या पेंडीच्या, घमेल्याची सवय लावतं, कुणी बादलीच्या आवाजाची. मामाने आपल्या म्हशींना बोलण्याची सवय लावली होती, आणि तीही प्रत्येकीला वेगळी. शेठाणी नावाची एक जाडजूड जाफराबादी होती. तिला मान द्यावा लागे. "या शेठानी, या. ऊन लागनं का तुमले? पाय चेपी देऊ का?" असं विचारल्याशिवाय ती कासेला हात लावू देत नसे. नवरी नावाची दुसरी होती ती लाजाळू. तिच्यासाठी गाणं, मामाने स्वतःच जुळवलेलं. "नवरी लाजस, नवरी हासस, नवरी मन्ही सोनानी." शब्द तेच, चाल रोज वेगळी, कारण मामाला एक सूर दोन दिवस धरता येत नसे.

लहानपणी मी जिला शिव्या खाताना पाहिलं, त्या म्हशीची एक नात मी नंदुरबारच्या शाळेत नोकरीला लागले त्याच वर्षी जन्मली. तिला कुणी रागावून बोलेपर्यंत मान हलवत राहायची खोड होती. मामाने तिचं नाव ठेवलं मास्तरीण. मी आजोळी गेले की तो मला आधी गोठ्यात न्यायचा. "देख वं भाशी, कशी 'नही, नही' करी ऱ्हायनी. तू बी अशीच मान हालावस ना शायमा?" मग तिच्याकडे वळून आजीच्या वेळच्याच शिव्या सुरू. कोना जीववर इतला नखरा वं? शिव्या वारसाने आल्या होत्या. मास्तरीण मान हलवायची थांबायची आणि बादलीत धार वाजायची.

म्हशी मामाला डोळ्यांनी ओळखत नव्हत्या, आवाजानेच ओळखत होत्या. हे आम्हाला ज्योतीच्या लग्नात समजलं. ज्योती म्हणजे मामाची मुलगी. लग्न गोरज मुहूर्तावर होतं. वरात पारापाशी नाचत होती, ब्राह्मण घाई करत होता, आणि नवरीचा बाप मांडवातून गायब. कुठे असणार ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. मला बोलावायला पाठवलं. जाऊन बघते तर मामा नवा सफारी, डोक्यावर फेटा, अंगाला कुणीतरी फासलेलं अत्तर अशा थाटात बादली घेऊन उभा, आणि शेठाणी दावं ताणून भिंतीपर्यंत मागे सरकलेली. डोळे पांढरे करून फुरफुरत होती. तिने त्याला ओळखलंच नव्हतं. मामा आधी स्वतःकडे बघत राहिला, मग म्हणाला, "अवं शेठानी, मी शे वं, भटू. आंडेरनं लगीन शे आज, म्हनीसन नटेल शे."

म्हशीचे कान पुढे आले. दावं सैल पडलं. मामा सफारीसकट खाली बसला.

गुडघ्याला शेण लावून तो मांडवात परतला तेव्हा व्याह्यांनी नाकाला रुमाल लावला. मामा म्हणाला, "याही, नाक नका दाबा. सकायपाईन ज्या पेढा खाई ऱ्हायनात, त्या हाईच दूधना शेतस." कन्यादान त्याने त्याच हातांनी केलं. आणि लेकीला निरोप द्यायची वेळ आली तेव्हा तो सरळ नवरदेवाच्या गाडीत ज्योतीशेजारी जाऊन बसला. "सरक ना भो तिकडे," जावयाला म्हणाला, "मी बी येस." सगळे पोट धरून हसले. तो उतरेचना. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मामा रडतोय. त्याला उतरवायला दोघातिघांना हात लावावे लागले.

आखाजीला तर त्याच्या अंगात यायचं. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, आणि झोक्यावर बसून सासरचं सगळं गाऱ्हाणं गाण्यात घालतात. ज्योतीला आणायला मामा स्वतः मोटारसायकल घेऊन जाई. माझ्या आईचे केस पांढरे झाले तरी तिलाही आणायचा. मला आणायचाच. झोका बांधून झाला की आधी तो स्वतः बसायचा. डोक्यावर टॉवेलचा पदर घ्यायचा आणि बारीक आवाज काढून म्हणायचा, "जवाई मन्हा शहाना वं माय, दूध सोडी च्या मांगस." समोर जावई चहाची बशी हातात धरून बसलेला असे. मामी दारातून ओरडे, "उतरा खाले, फांदी तुटी जाई." मामा झोका आणखी उंच न्यायचा.

तेव्हा मला कशाची तरी काळजी लागलेली असली की तो म्हणायचा, "हाशी ले वं भाशी. रडाले आख्खं म्हतारपन पडेल शे." दर आखाजीला हे वाक्य ठरलेलं. मला ते फार शहाणपणाचं वाटायचं. आता वाटत नाही.

मग एका आखाजीला त्याला गाता आलं नाही. आवाज घोगरा झाला होता. आम्ही सगळे हसलो. वर्षभर ओरडला की आवाज बसणारच, असं आईने ऐकवलं. मामानेही बेडकासारखा आवाज काढून दाखवला. पण पावसाळा सुरू झाला तरी घसा सुटेना, भाकरी गिळताना तो मान वाकडी करू लागला. विड्या त्याने अगदी उमेदीच्या वयापासून ओढल्या होत्या. नंदुरबारच्या डॉक्टरांनी सुरतला जायला सांगितलं आणि सुरतच्या डॉक्टरांनी गाठीचं नाव सांगितलं. जीव वाचवायचा तर आवाजाची पेटी काढावी लागेल, असंही सांगितलं.

मामाने विचारलेला पहिला प्रश्न ज्योतीने मला नंतर सांगितला. "मंग मन्ह्या म्हशी?" डॉक्टरांना काही समजेना. त्यांना वाटलं, माणूस घाबरलाय. त्यांनी धीर दिला, की पुष्कळ लोक पाटीवर लिहून बोलतात, हळूहळू सवय होते. मामा त्यांना हिंदीत म्हणाला, "साहेब, म्हैसको लिखना-पढना नहीं आता." डॉक्टर खूप हसले म्हणे. घरी आल्यावर मामाने हाच किस्सा सगळ्या गल्लीला सांगितला, त्या बसक्या आवाजात, डॉक्टरांची नक्कल करून. ऐकणारे हसायचे आणि आपापल्या घरी जाऊन न जेवता झोपायचे.

आवाज भरून ठेवायची कल्पना मामीची. ती कधीच रडत बसणारी बाई नव्हती. ती म्हणाली, "आपुन मानसे शेतस. हात करा, डोया करा, समजी लेसूत. त्या मुका ढोरंसले कोन समजाडी?" घरातल्या कुणालाही ते चुकीचं वाटलं नाही. उलट प्रमोद, म्हणजे मामाचा मुलगा, म्हणाला, आईला बरं सुचलं. सुरतला निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याने आपला मोबाइल सुतळीने बांधून गोठ्यातल्या खुंटीला टांगला. आम्ही सगळे दाराशी उभे राहिलो. मामी मात्र आत, एखाद्या लग्नघरातल्या कर्त्या बाईसारखी. "जोरमा बोला. खोकला उना का थांबा. हं, आते शेठानीनं."

मामाने जीव ओतला. इतके दिवस त्याला बोलताना त्रास होत होता, पण त्या संध्याकाळी त्याने शेठाणीला असा मान दिला की ऐकणाऱ्याने उठून नमस्कार करावा. मध्ये कोमट पाणी प्यायचा, घसा धरायचा, पुन्हा सुरू करायचा. मास्तरिणीच्या शिव्या झाल्या. त्याने बादली बाजूला ठेवली, लुंगीला हात पुसले, आणि मामीकडे वळला. हसत नव्हता.

"आनि तू... आयक ना वं, तुले..."

"मन्हं ऱ्हाऊ द्या," मामी म्हणाली. "आधी नवरीनं व्हऊ द्या, ती खोळंबनी शे. मंग गळामा जोर नही ऱ्हावाव."

मामा हसला. बरं, म्हणाल्यासारखी मान हलवली आणि नवरीजवळ जाऊन बसला. तिचं गाणं त्याने शेवटपर्यंत म्हटलं. गाणं संपलं तेव्हा त्याच्या घशातून नुसती खरखर येत होती. प्रमोदने मोबाइल बंद केला. म्हशींची सोय झाली म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं, मामीने सगळ्यांना चहा दिला. सकाळी गाडीत बसताना मामाचा आवाज पार गेला होता. ओठ हलत होते एवढंच. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो मागच्या काचेतून आमच्याकडे बघून तोंडं वेडीवाकडी करत होता.

तो सुरतला होता तेवढे दिवस म्हशींनी घरच्यांना जेमतेम तांब्याभर दूध दिलं होतं. तो परत आला तेव्हा त्याच्या गळ्याला भोक होतं आणि त्यावर पांढरी पट्टी. गाडीतून उतरून तो घरात न जाता आधी गोठ्यात गेला. शेठाणी लग्नाच्या दिवशीसारखीच भिंतीपर्यंत मागे सरकली. अंगाला औषधाचा वास, गळ्यात पांढरं काहीतरी. मामाने सवयीने तोंड उघडलं. आवाज नाही. गळ्याच्या भोकातून नुसती हवा सू सू करत बाहेर आली, तशी ती आणखीच बिथरली. मामा तसाच उभा राहिला. त्या वेळचा त्याचा चेहरा मला दिसला. तो मला दिसायला नको होता.

प्रमोदने मोबाइल सुरू केला आणि मामाच्या शर्टाच्या खिशात टाकला. "या शेठानी, या. ऊन लागनं का तुमले?" खिशातून आवाज आला. म्हशीचे कान पुढे आले. मामा खाली बसला, डोकं तिच्या कुशीला टेकवलं, आणि बादलीत धार वाजली. मामी भिंतीकडे तोंड करून रडली. मीही रडले. आम्हाला वाटलं, जिंकलो.

काही महिने खरंच तसं वाटत होतं. मामा रोज खिशात स्वतःचा आवाज घेऊन दूध काढायचा आणि आवाजाबरोबर ओठ हलवायचा. थोड्याच दिवसांत त्याला त्यातही गंमत सापडली. समाचाराला लोक येत होते. आमच्याकडे आजारी माणसाला बघायला येणारे लोक त्याला अर्धा मारूनच जातात. विसरवाडीकडचा एक लांबचा पाहुणा आला आणि खुर्चीत बसून सांगू लागला, "देव परीक्षा देखस भो. त्यानी इच्छापुढे कोनं चालस?" बराच वेळ हे चाललं. मामा भक्तिभावाने ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने खिशातला मोबाइल काढला, हवी ती जागा शोधली आणि लावली. "इतला नखरा? कोना जीववर इतला नखरा वं?" घरातल्या सगळ्यांना हसू फुटलं. पाहुणा चहा न घेता गेला. मामा आवाज न करता हसत होता, नुसते खांदे हलत होते, आणि हसताना पट्टीखालून हवा सुटत होती. मला त्या पाहुण्याचा अजून राग आहे. त्याची काही चूक नव्हती, तरी आहे.

बोलायचं असलं की मामा ज्योतीच्या मुलीच्या पाटीवर लिहायचा. फार कमी लिहायचा. एका दुपारी मी तिथे असताना मामीने भाजी निवडता निवडता विचारलं. सहज विचारल्यासारखं, पण तिचा हात थांबला होता.

"त्या दिनले गोठामा तुम्ही माले काय सांगी ऱ्हायना व्हतात?"

मामाने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने पाटी घेतली, काहीतरी लिहिलं आणि तिच्यापुढे धरली. मामीने अक्षर अक्षर लावून वाचलं. "च्या... ठेव." तिने भाजीची जुडी त्याला फेकून मारली. मामाचे खांदे हलले. ती हसत, पदराने डोळे पुसत चहा ठेवायला गेली. ती गेल्यावर मामाने पाटी पुसली, खडू हातात धरला, आणि मग खडू खाली ठेवून दिला. लिहिता येत होतं त्याला. पण तो लिहिणाऱ्यातला नव्हता. त्याचा राग, लोभ, लाड सगळं बोलण्यात होतं, आणि बोलणं सुरतला राहिलं होतं.

थंडीत गाठ पुन्हा आली. या वेळी सुरतच्या डॉक्टरांनी फारसं काही सांगितलं नाही, घरी घेऊन जा म्हणाले. मामाला उकिडवं बसवेना, तेव्हा प्रमोद दूध काढायला बसू लागला आणि मामा गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसायचा. मोबाइल खिशात, हात म्हशीच्या पाठीवर. तोवर म्हशी निभावून नेत होत्या. होळीच्या आधी, एका दुपारी, तो गेला. मी शाळेतून निघून पोचले तेव्हा त्याला अंगणात घेतलं होतं. ज्योती यायची होती म्हणून सगळे थांबले होते.

थांबता थांबता दूध काढायची वेळ झाली. म्हशी आधी पाय आपटू लागल्या, मग हंबरू लागल्या. कासा तट्ट भरल्या होत्या. कुणीतरी प्रमोदला म्हणालं, जाय रे भो, मुकी ढोरं शेतस, त्यासना काय दोष. प्रमोद उठला. त्याला दुसरं काय सुचणार होतं? त्याने मोबाइल खुंटीला लावला.

"या शेठानी, या. ऊन लागनं का तुमले? पाय चेपी देऊ का?"

अंगणात मामा तिरडीवर, आणि मागून त्याचा जिताजागता आवाज. बायांनी जो हंबरडा फोडला तो मला अजून ऐकू येतो. आई कानांवर हात दाबून भिंतीला डोकं आपटत होती. कुणी ओरडलं, "बंद कर रे, बंद कर!" मी गोठ्यात धावले. प्रमोद शेठाणीच्या कासेला हात लावून बसला होता आणि त्याची बादली कोरडी होती. तिन्ही म्हशींनी कान पुढे केले होते. त्या मोबाइलकडे बघत नव्हत्या. दाराकडे बघत होत्या. आवाज आला होता, आता माणूस येईल म्हणून थांबल्या होत्या.

त्यानंतर रोज तेच. आवाज लावला की कान पुढे, माना दाराकडे, दूध नाही. आवाज न लावला तर लाथा. कासा दगडासारख्या झाल्या. जनावरांचा डॉक्टर येऊन गेला. कुणी पान्हा सोडवायचं इंजेक्शन सुचवलं, त्याला मामीने नकार दिला. प्रमोदचा धीर सुटला होता. तो म्हणाला, "आई, मी त्या आवाजखाले बठी नही शकस." तेरावं झाल्यावर गुजरातकडचा एक व्यापारी आला आणि म्हशी घेऊन गेला. मी होते तेव्हा. शेठाणी टेम्पोत चढली, नवरी चढली. मास्तरीण फळीवर पाय ठेवून थांबली आणि मान हलवायला लागली. नाही, नाही. तिला दोन शिव्या हव्या होत्या फक्त. त्या कुणालाच देववल्या नाहीत. शेवटी व्यापाऱ्याच्या माणसांनी तिला मागून रेटून चढवलं.

या आखाजीला प्रमोद मला घ्यायला आला. ज्योती आली होती, आई आली होती. निंबाला झोका कुणी बांधला नाही आणि बांधा असंही कुणी म्हणालं नाही. सगळ्यांनी पुरणपोळी खाल्ली, लवकर आवरलं. रडायला आख्खं म्हातारपण पडलंय, असं सांगणाऱ्याला म्हातारपण मिळालंच नाही. ते सगळं मामीच्या वाट्याला आलंय. तिचे गुडघे गेलेत, कमी ऐकू येतं, आणि हसताना ती मध्येच थांबते, कुणाकडे तरी बघायचं राहिलं असं वाटून.

दूध काढायच्या वेळेला मामी घरात दिसेना. ज्योती हळूच म्हणाली, "गोठामा व्हई. रोज जास." मी मागे गेले. गोठा स्वच्छ झाडलेला होता. दावणीत काडी नव्हती, तरी शेणाचा आणि ढेपेचा वास होता. मोबाइल त्याच खुंटीला होता, प्रमोदने तो तिला देऊन टाकला होता. मामी खुंटीसमोर पालथ्या घमेल्यावर बसली होती. तिने मला पाहिलं की नाही, ते माहीत नाही.

मोबाइलमधून मास्तरिणीला शिव्या चालल्या होत्या. ढेप मन्ही खास, पानी मन्हं पेस. मग शिव्या थांबल्या. बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मामी घमेल्यावरून उठून उभी राहिली, खुंटीच्या अगदी जवळ गेली, कान लावून.

"आनि तू... आयक ना वं, तुले..."

"मन्हं ऱ्हाऊ द्या," मोबाइलमधली मामी म्हणाली. "आधी नवरीनं..."

"चूप ऱ्हाय ना वं," मामी तिच्यावर ओरडली. "चूप ऱ्हाय. बोलू दे त्यासले."

मोबाइलमध्ये मामा हसला, आणि नवरीचं गाणं म्हणू लागला.